पडद्यावरचं प्लास्टिक

परवापरवापर्यंत आमच्या कडाव गावात आसियाच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला वाटायचं, ही मंडळी उद्या घर सोडून निघालीत की काय. फ्रिजवर कव्हर, मिक्सरवर कव्हर, शिलाई मशीनवर कव्हर आणि त्या कव्हरवर आणखी एक टॉवेल. सोफ्यावर दुकानातून आला तेव्हाचं प्लास्टिक तसंच, त्यामुळे उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना चर्रकन आवाज करूनच उठायचा. जेवणाचा काचेचा सेट खोक्यात, आणि ते खोकं शोकेसच्या काचेआड.

मी तिची शेजारीण. गावातल्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त झाले आहे, आणि फटकळ म्हणून गावभर माझी ख्याती आहे. मी तिला कितीदा म्हटलं असेल, "आसिया, वस्तू वापरायला आणतात की पुरून ठेवायला?"

ती हसायची. "तुमच्या रिमोटवर बी प्लास्टिक हाय की, बाई."

ते खरंच होतं. पण ते आमच्या ह्यांचं काम, त्याचा दोष मी का घ्यावा?

असं आमचं चालायचं. आता त्या प्लास्टिकचा विषय आम्ही काढत नाही. त्यापायी तिनं जे गमावलं ते कुणीच भरून देऊ शकत नाही, आणि राग कुणावर काढावा हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही.

झाकून ठेवण्याची ही सवय आसियाची माहेरची नव्हे. ती आणली तिच्या नवऱ्यानं, मुनव्वरभाईंनी, आणि तीही माथेरानहून. तिथल्या एका हॉटेलात त्यांचा जन्म गेला. माथेरानची तांबडी धूळ कशातही शिरते, कपाटातल्या घडीच्या चादरीतसुद्धा. शिवाय पावसाळ्यात हॉटेलं बंद. त्याआधी गाद्या, खुर्च्या, आरसे सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधून ठेवायचं, ते काम मुनव्वरभाईंचं. दसऱ्याच्या सुमारास हॉटेल उघडलं की वस्तू जशीच्या तशी निघाली पाहिजे. त्यांनी बांधलेली खुर्ची दुसऱ्या वर्षी नवी होऊन निघते, असं मालक म्हणायचे, आणि हे वाक्य मुनव्वरभाई आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवायचे.

त्यांची आणखी एक रीत होती. वस्तू ज्यानं आणली, त्यानंच ती उघडायची. डोंगर उतरून घरी आले की पिशवी घराच्या मधोमध ठेवायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे. मग झाकीर आणि फिझा, दोन्ही पोरं, भोवती बसली की सावकाश दोरी सोडायचे. तोवर पिशवीला कुणी शिवायचं नाही. एकदा त्यांनी एका घोडेवाल्याबरोबर खोकं पुढे धाडलं आणि स्वतः कामात अडकले. आत चिक्की आहे हे वासावरून साऱ्या गल्लीला कळत होतं. पण पोरांनी बोट लावलं नाही. बाप येईपर्यंत खोक्याकडे नुसती बघत बसली.

त्यांच्या घरातला पहिला टीव्हीसुद्धा असाच उतरला. हॉटेलनं टाकून दिलेला, मागे भलंमोठं पोट असलेला. मुनव्वरभाईंनी तो घोंगडीत बांधून हातगाडीवरून, गाड्या थांबतात त्या दस्तुरीच्या नाक्यापर्यंत आणला, तिथून टेंपोनं घरी. चित्रात कायम मुंग्या. बातम्या देणाऱ्या बाईला नाक आहे की नाही कळायचं नाही. तरी त्याच्यावर भरतकाम केलेलं झाकण असायचं, आणि ते बाजूला करायचा मान फक्त मुनव्वरभाईंचा.

मुनव्वरभाई गेले तेव्हा झाकीरचं आयटीआय नुकतंच झालं होतं. तो माझा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण हसला की डाव्या गालावर अशी खळी पडायची की मारायला उचललेला हात खाली यायचा. बाप गेल्यावर तो कुंभिवलीकडे एका कारखान्यात कंत्राटावर लागला. कंत्राटावर म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, आतला माणूस येऊन बोट दाखवील तो आत. बोट दाखवलं नाही तर परत घरी. त्या गेटवर उभं राहणं झाकीरला फार लागायचं. एकदा मला म्हणाला होता, "बाई, बाजारात बकऱ्या निवडतात ना, तसं निवडतात आमाला."

म्हणून तो कुवेतला गेला. मोठमोठ्या इमारतींच्या गच्च्यांवर एसीच्या नळ्या बसवायचं काम. ऊन कसलं असतं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आपल्याकडे चैत्र असतो तसंच म्हणायचा. आम्ही ऐकून घेतलं. इकडे फिझाचं लग्न झालं, ती कर्जतला नांदायला गेली आणि आसिया घरात एकटी उरली.

शुक्रवारी त्याला सुट्टी. संध्याकाळी चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल यायचा. पण आसियाचा फोन म्हणजे फिझानं टाकलेला जुना, काच तडकलेली, आणि आसियाची नजर आधीच अधू. ती फोन नाकाला लावायची, लांब धरायची, शेवटी माझ्या हातात द्यायची. "बाई, बघा ना, माझा पोर सुकलाय का?"

"नाही गं, बरा दिसतोय."

"तुमी म्हणताय म्हणून. मला तर नुसता डाग दिसतो."

हे झाकीरनं ऐकलं. यंदा रमजानच्या आधी कर्जतहून एक टेंपो आला आणि आसियाच्या दारात भलं रुंद, पातळ खोकं उभं राहिलं. झाकीरनं तिकडून पाठवलेला एचडी टीव्ही. फोनवरचं त्याचं वाक्य मला पाठ आहे, कारण ते आसियानं गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं. "अम्मी, आता मी तुला भिंतीएवढा दिसेन."

बसवायला आला साईनाथ, आमच्याकडचा डिशवाला. पडदा लावायला आसियानं जागा दाखवली ती पार छताजवळ, मक्केच्या तसबिरीच्या शेजारी. तिथं धूळ कमी बसते म्हणे.

"चाची, मान मोडंल तुमची," साईनाथ म्हणाला. "बसल्यावर डोळ्यांच्या समोर यायला पायजे."

बरीच हुज्जत घालून त्यानं तो शोकेसच्या वर, बेताच्या उंचीवर लावला. मग जुन्या डिशच्या डब्याच्या त्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या पिना मागे खोचल्या. चित्र लागलं ते असं, की मालिकेतली सडपातळ सून एकदम आडवी सुटली. आसियाला त्यातही आनंद होता. "तब्येत सुधारली तिची," म्हणाली.

साईनाथनं कपाळाला हात लावला. "चाची, टीव्ही एचडी हाय, डबा जुनाच हाय. परात मोठी घेतली म्हणून भाकर मोठी होत नाय. डबा बी एचडीचा लागंल, वायर बी वेगळी लागंल, आन चॅनल बी एचडीचे घ्यावे लागतील."

तो दुसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन आला. तीन पिनांच्या जागी एकच जाड वायर लावली, रिमोटनं कायकाय दाबलं आणि सून पुन्हा सडपातळ झाली. रंग असे उघडले की मीसुद्धा पुढे सरकून बसले. पण चित्रावर एक दुधाळ साय होतीच. पडद्यावर कारखान्यातून आलेलं पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं.

साईनाथनं त्याचा कोपरा नखानं उचलला मात्र, आसियानं त्याच्या हातावर चापट मारली. "हात लावू नको रं!"

"अवं चाची, हे काढायचंच असतंय. हे ठेवून एचडी कसली?"

"झाकीरनं आणलाय. झाकीर येईल तो काढंल."

साईनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणारच होते, पण आसियाचा चेहरा पाहिला आणि मला ती चिक्की आठवली. मुनव्वरभाईंची रीत ती मोडणार नव्हती. साईनाथ हत्यारं गोळा करत पुटपुटला, "माझं काय जातंय, बघा धुक्यातनं."

फिझा कर्जतहून आली आणि फोनवरचा कॉल टीव्हीवर कसा घ्यायचा ते आईला शिकवून गेली. शोकेसवर स्टीलच्या पेल्याला टेकवून फोन उभा करायचा, हिरवं बटण दाबायचं, मग वरून बोट ओढून ती टीव्हीची खूण दाबायची. आसियानं ते चार दिवसांत असं घोटलं की मला शिकवायला लागली.

पहिला शुक्रवार मी विसरणार नाही. झाकीर भिंतीवर आला. डोकं, खांदे, मागची खाट, खिळ्याला अडकवलेली टोपी. आसिया हातात चहाची कपबशी घेऊन उभीच राहिली. बसायचंही तिला सुचेना.

"अम्मी, दिसतोय का?"

"दिसतोस रं, दिसतोस." ती पडद्याजवळ सरकली. "किती मोठा झालास."

"प्लास्टिक काढलंस का?"

"तू ये. तुझ्या हातानं काढ."

तो खदखदून हसला. "मी एवढा एचडी पाठवला आणि तू मला पिशवीतून बघतेस? बाई, सांगा ना तिला!"

"मी सांगून दमले," मी म्हटलं. "ही रीत तुझ्या वडिलांची, त्यांनाच सांग."

पुढे दर शुक्रवारी हा खेळ ठरलेला. नमाज झाली का, जेवलास का, आणि मग प्लास्टिक काढलंस का. ती नाही म्हणायची, तो कपाळ बडवून घ्यायचा, तिला त्यात भारी सुख मिळायचं. त्यानं बकरी ईदला येतो म्हणून कबूल केलं होतं. आसियानं मनात सगळं रचून ठेवलं होतं. तो येईल, हातपाय धुवेल, चहा घेईल, आम्ही सगळे भोवती बसू आणि तो एका कोपऱ्यातून प्लास्टिक ओढील. कर्जतहून फिझा, तिचा नवरा, मी, आमचे हे, सगळ्यांना आमंत्रण होतं. एवढ्या समारंभानं गावात कुणी दुकानाचं उद्‌घाटनसुद्धा केलं नसेल.

बकरी ईदला झाकीर आला नाही. साहेब सोडत नाहीत म्हणाला. आसिया दोन दिवस घराबाहेर पडली नाही. मग स्वतःच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बरंच झालं, आता ऐन पावसात काय आला असता. दिवाळीकडं येतो म्हनालाय."

त्या पावसाळ्यात हळूहळू काही गोष्टी बदलल्या. तेव्हा त्या सुट्यासुट्या दिसत होत्या. आज त्या एका ओळीत मांडता येतात. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतीला ओल, मिठाला पाणी. पडद्यावरच्या प्लास्टिकखाली दमट हवा शिरली आणि फुगे आले. एक कोपऱ्यात, एक मधे, एक बरोबर तिथं जिथं झाकीरचा चेहरा यायचा. आणि त्याच सुमाराला झाकीरनं प्लास्टिकबद्दल विचारणं बंद केलं.

पहिल्यांदा हे आसियाच्याच लक्षात आलं. तिला अभिमान वाटला. "बाई, त्याला पटलं बघा. काल मीच म्हटलं, तू म्हणतोस तर काढते. तर म्हणतो, नको अम्मी, राहू दे, मी आलो की काढू. अब्बांची रीत हाय म्हणतो."

"शहाणा झाला," मी म्हटलं, आणि डोक्यातून विषय गेला.

मग खळी गेली. आसिया पडद्याजवळ जाऊन उभी राहायची. "झाकीर, हस बघू. तुझी खळी दिसत नाय मला."

"फुगा आलाय ना तिथं अम्मी, कशी दिसेल?"

ती अंगठ्यानं फुगा दाबायची. फुगा शेजारी सरकायचा. मायलेक दोघंही हसायची. एकदा तिला त्याचा चेहरा भरलेला वाटला आणि ती खूश झाली, पोराच्या अंगाला मांस लागलं म्हणून. दुसऱ्यांदा तिला त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. तो म्हणाला, प्लास्टिकचा डाग. शेवटी शेवटी हाताला काहीतरी पांढरं दिसलं. तो म्हणाला, प्लास्टिकची सुरकुती. फिझानं तिच्या घरून फोन केला की त्याचं नेट नेमकं मंद असायचं, तिला नुसता आवाज. टीव्हीवर मात्र तो दर शुक्रवारी यायचा, न चुकता, पाठीमागे उजेड घेऊन बसायचा. पोरानं आईला नाराज केलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं म्हणेन. आणि त्याबद्दलच मला त्याच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

पाऊस सरला. भातं पिवळी झाली, बांधावरून गवत कापायची गडबड सुरू झाली. त्या शुक्रवारी मी आसियाकडे चहाला होते. झाकीर पडद्यावर होता. त्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज असल्यासारखं दिसत होतं, पण तिथं फुगा होताच, त्यामुळे आम्हाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. बोलता बोलता त्याला पलीकडून कुणी हाक मारली. तो उजवीकडे कलला, त्या माणसाशी बोलला आणि परत सरळ झाला.

आसियानं कपबशी खाली ठेवली.

"काय गं?" मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "फुगा हितंच हाय, बाई. सूज झाकीरबरोबर गेली."

मला कळायला वेळ लागला. तिला लागला नव्हता. तिनं भिंतीकडचं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि प्लास्टिकचा वरचा कोपरा धरला. पेल्याला टेकवलेल्या फोनमधून झाकीरला ती दिसली असणार, कारण तो एकदम पुढे झाला.

"अम्मी, नको. अम्मी, मी आलो की काढू ना. अम्मी!"

जो मुलगा रमजानपासून प्लास्टिक काढ म्हणून मागे लागला होता, तो आता नको म्हणून ओरडत होता. आसियानं ओढलं. सगळ्या पडद्यावरून सर्रकन आवाज करत ते खाली आलं, आणि माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा मी किती महिन्यांनी पाहिला.

तो चेहरा सुजलेला होता. त्यात मांस नव्हतं, पाणी होतं. डोळे अर्धे मिटलेले, पापण्या फुगलेल्या. ओठ पांढरेफटक. प्लास्टिकची सुरकुती म्हणून सांगितली होती ती हातावरची पट्टी होती, तिच्यातून नळी निघत होती. मागची खाट त्याच्या खोलीतली नव्हती. तिला लोखंडी कठडा होता आणि पलीकडे पडदा लावलेली दुसरी खाट होती. एचडी कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्या गालावरचं एकेक छिद्र दिसत होतं, खळी मात्र नव्हती.

"झाकीर," आसिया स्टुलावरूनच म्हणाली, "कुठं हायस तू?"

त्यानं तळहात कॅमेऱ्यावर धरला. भिंत लाल काळी झाली. तिकडून नुसता त्याचा रडण्याचा आवाज येत होता, नवीन टीव्हीचे स्पीकरही चांगले होते.

मग त्यानं सांगितलं. मूत्रपिंडाचा आजार. गच्चीवरचं ऊन, खाली उतरायला वेळ जातो म्हणून पाणी कमी प्यायचं, सगळे तसंच करतात. बकरी ईदच्या आधी चेहऱ्यावर सूज यायला लागली. तिथल्या डॉक्टरनं काम थांबवायला आणि घरी जाऊन इलाज करायला सांगितलं होतं. हा गोळ्या घेऊन गच्चीवर जात राहिला. सूज वाढत गेली आणि दोन आठवड्यांपूर्वी तो कामावरच पडला.

"का रं लपवलंस?" ती किंचाळली. "मी तुझी आई नव्हं?"

"तुला दिसलं असतं तर तू बोलावलं असतंस अम्मी. तू बोलावलं असतंस तर मी थांबलो नसतो." तो थांबून थांबून बोलत होता. "परत त्या गेटवर नव्हतं उभं राहायचं मला."

कॉल संपल्यावरही आसिया स्टुलावर तशीच होती. मी हाताला धरून तिला उतरवलं. प्लास्टिक तिच्या मुठीत होतं, चुरगळलेलं, आत पावसाळ्याचं पाणी. ती ते मांडीवर घेऊन बसली.

"मीच लपवलं, बाई," ती म्हणाली. "त्यानं नाय. तो बिचारा काढ काढ म्हणत होता तवा मी काढलं असतं, तर नंतर त्याला लपायला जागा कुठं होती?"

मी तिच्या मांडीवरचं प्लास्टिक उचलायला गेले, तर तिनं ते घट्ट धरलं. 

झाकीर दिवाळीकडे येईन म्हणाला होता, आणि दिवाळीकडेच आला, चाकांच्या खुर्चीतून. पनवेलच्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि जे म्हणाले ते फिझानं मला सांगितलं, आसियाला अजून सांगितलेलं नाही, पण मला खात्री आहे तिला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आधी आला असता तर औषधांवर भागलं असतं. आता दिवसाआड पनवेल, मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, आणि परत. कुंभिवलीच्या त्या गेटवर तो आता खरंच कधी उभा राहणार नाही. ते काम त्याला झेपायचं नाही.

तो येण्याआधी आसियानं एक दिवस घराची दारं लावून घेतली. आतून नुसते फाडण्याचे आवाज येत होते. मी घाबरून दार ठोठावलं. उघडलं तर घरभर प्लास्टिक पसरलेलं, आणि मधोमध ही, घामाघूम. सोफ्याचं फाडलं होतं, फ्रिजचं, मिक्सरचं, रिमोटचं, शिलाई मशीनचं. जेवणाचा सेट खोक्यातून बाहेर, फडक्यानं पुसून ताटाळ्यात लावलेला. मुनव्वरभाईंनी हातानं बांधलेलं एक गाठोडं होतं, आजवर कुणी सोडलं नव्हतं. तेसुद्धा तिनं सोडलं. आत माथेरानच्या हॉटेलातली पांढरी चादर निघाली, घड्यांवर पिवळी पडलेली. तीच तिनं झाकीरच्या खाटेवर घातली.

"आसिया, अगं निदान ते तरी..." मी म्हणायला गेले.

"कुनासाठी ठेवू?" ती म्हणाली.

आता त्या घरात गेलं की सगळ्या वस्तू उघड्या दिसतात, धूळही दिसते. काचेच्या ताटांतली दोन फुटलीसुद्धा. मला ते घर ओळखू येत नाही. कुठंतरी एखादं कव्हर असावं असं वाटत राहतं, आणि मग स्वतःचीच चीड येते.

काल संध्याकाळी मी गेले होते. पनवेलचा दिवस नव्हता, झाकीर जरा बरा होता. खाट टीव्हीसमोर ओढलेली, क्रिकेटची मॅच चालू. पडदा लख्ख. मैदानाचं गवत इतकं हिरवं की डोळ्यांना थंड वाटावं.

"बाई, बघा," तो हळूच म्हणाला, "चेंडूची शिवण दिसते. मी पाठवला होता तो हाच टीव्ही, पण असा मी आज बघतोय."

मी खुर्ची घेतली. आसिया खाटेच्या कडेला बसली होती, टीव्हीकडे पाठ करून. तिच्या पाठीमागे कुणीतरी षटकार मारला, सगळं मैदान उठून उभं राहिलं, तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"आसिया," मी म्हटलं, "अगं इकडे फिर की. एवढा चांगला टीव्ही, बघ तरी जरा."

ती झाकीरच्या तोंडाकडेच बघत होती. तिनं बोट पुढे करून त्याच्या डोळ्याखालची सूज हलकेच दाबली, कालपेक्षा कमी आहे का बघितलं.

"पावसाळाभर नाय बघितलं ना, बाई," ती म्हणाली. "आता बघतेय."